एस्प्लनेड रिकामं कधी होतं?



जुन्या कलकत्त्याचे फोटो आपल्या सगळ्यांच्या मोबाइलवर अधूनमधून येतात. रुंद रस्ता, पांढऱ्याशुभ्र खांबांच्या इमारती, मागे उंच मनोरा आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. खाली कुणीतरी लिहिलेलं असतं, ‘बघा, तेव्हाचं एस्प्लनेड किती मोकळं होतं, आणि आज फेरीवाल्यांनी काय करून ठेवलंय!’ पुण्यामुंबईच्या जुन्या फोटोंखालीही असाच मजकूर असतो. आजच्या भागात मला हे वाक्य तपासायचं आहे. एस्प्लनेड खरंच रिकामं होतं का? की ते रिकामं दिसण्याचं कारण फोटो ज्या कागदावर घेतला त्या कागदातच आहे? याचा पुरावा घरच्या घरी मिळवता येतो. त्याला लागतो बुटांचा एक खोका आणि शिवणाची एक सुई. ते पुढे सांगतोच.

आधी शब्दापासून सुरुवात करू. मी तोफखान्यातला माणूस, म्हणून हा शब्द मला जवळचा. एस्प्लनेड हा मुळात किल्लेबांधणीतला शब्द आहे. किल्ल्याची तटबंदी आणि गावातली पहिली घरं यांच्यामध्ये मुद्दाम मोकळी ठेवलेली सपाट जागा म्हणजे एस्प्लनेड. शत्रूला लपायला आडोसा मिळू नये आणि आपल्या तोफांच्या माऱ्यात काही आड येऊ नये, एवढ्यासाठी ती ठेवायची. मुंबईतही हेच झालं. आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल ही मैदानं मुंबईच्या किल्ल्यासमोरच्या एस्प्लनेडचे उरलेले तुकडे आहेत. काळा घोड्याजवळच्या जुन्या वॉटसन हॉटेलच्या इमारतीला एस्प्लनेड मॅन्शन म्हणतात, ते त्यामुळेच.

कलकत्त्याचा जुना किल्ला आज जिथे जनरल पोस्ट ऑफिस आहे त्या भागात होता. १७५६ साली सिराजउद्दौल्याने तो घेतला. आजूबाजूच्या उंच घरांच्या गच्च्यांवरून किल्ल्यात मारा करता येतो, हा धडा इंग्रजांना तेव्हा मिळाला. प्लासीनंतर, १७५८ पासून, त्यांनी दक्षिणेला नवा फोर्ट विल्यम बांधायला घेतला आणि तो १७८१ च्या सुमारास पुरा झाला. त्या जागी गोविंदपूर नावाचं गाव होतं. ते उठवलं. लोकांना तालतला, कुमारटुली, शोभाबाजार अशा भागांत जागा दिल्या. आसपासचं जंगल तोडलं. जी विस्तीर्ण मोकळी जागा झाली ते आजचं मैदान, आणि त्याच्या उत्तरेचा काठ म्हणजे एस्प्लनेड. हे मैदान आजही लष्कराच्या मालकीचं आहे. कलकत्त्याच्या जमिनीवर भीतीच्या अशा खुणा आणखीही होत्या. आपल्या नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने १७४२ साली खोदलेला ‘मराठा डिच’ ही त्यातलीच एक. मराठे काही त्या खंदकापर्यंत आले नाहीत. पुढे खंदक बुजवून त्यावर रस्ता झाला.

तेव्हा एक गोष्ट आधीच कबूल करायला हवी. मैदानाचं मोकळेपण खरं होतं, आणि ते माणसं उठवून केलेलं होतं. पण मैदानाच्या कडेचे रस्ते? ते तर शहराचा नाका होते.

याची साक्ष फोटोच्या आधीच्या चित्रांत मिळते. थॉमस डॅनियल आणि त्यांचा पुतण्या विल्यम हे इंग्रज चित्रकार १७८६ साली कलकत्त्यात आले. त्यांनी १७८८ पर्यंत शहराची बारा चित्रं छापून काढली. हिंदुस्थानात फिरताना ते कॅमेरा ऑब्स्क्यूरा वापरत. कॅमेरा ऑब्स्क्यूरा म्हणजे अंधारी पेटी. शाळेत विज्ञानाच्या पुस्तकात ‘सूचिछिद्र प्रतिमाग्राहक’ म्हणून जो खोका आपण बनवला, त्याचीच ही मोठी भावंडं, फक्त छिद्राच्या जागी भिंग. पेटीत उमटलेल्या प्रतिमेवरून इमारतींच्या रेषा अचूक गिरवायच्या आणि माणसं हाताने घालायची. त्यामुळे डॅनियल यांच्या कलकत्त्यात पालख्या आहेत, भोई आहेत, डोक्यावर ओझी घेतलेली माणसं आहेत, रस्त्यात फिरणारे मोठाले करकोचेही आहेत. साठएक वर्षांनी फोटो आले आणि ही सगळी वस्ती जणू गायब झाली. शहर तर उलट वाढलं होतं. १८५० च्या सुमारास कलकत्त्याची वस्ती साडेतीन-चार लाखांच्या घरात होती. मग माणसं गेली कुठे?

आता कागदाकडे येऊ. १८३९ च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी चांदीचे क्षार लावलेल्या कागदावर प्रकाशाने चित्र उमटवण्याची रीत जाहीर केली. त्याच वर्षी ऑक्टोबरात कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे डॉ. विल्यम ब्रूक ओशॉनेसी यांनी अशाच प्रयोगांची माहिती मांडली. सोसायटीची इमारत पार्क स्ट्रीटवर, म्हणजे एस्प्लनेडपासून रमतगमत चालण्याच्या अंतरावर. ओशॉनेसी कंपनी सरकारच्या सैन्यातले डॉक्टर आणि कलकत्ता मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. पुढे हिंदुस्थानात तारयंत्राचं जाळं घातलं ते यांनीच. विलायतेतली बातमी जहाजाने इथवर यायला कित्येक महिने लागत, हे लक्षात घेतलं तर कलकत्ता या कामात किती लवकर उतरलं ते कळतं.

१८४१ साली टॅल्बटनी आपली रीत सुधारली. तिला कॅलोटाइप म्हणतात. चांगल्या प्रतीच्या कागदावर आधी सिल्व्हर आयोडाइडचा थर बसवायचा. फोटो घेण्यापूर्वी त्यावर सिल्व्हर नायट्रेट आणि गॅलिक आम्लाचं मिश्रण फिरवायचं. मग कॅमेऱ्यात ठेवून प्रकाश दाखवायचा. बाहेर काढलं की कागद कोराच दिसतो. पुन्हा त्याच मिश्रणाने धुतला की चित्र हळूहळू वर येतं, उजेडाचं काळं आणि काळ्याचं उजेड. मग हायपोत बुडवून ते पक्कं करायचं. कागद पारदर्शक व्हावा म्हणून त्याला मेण चोळायचं. ही झाली निगेटिव्ह. मिठाचं पाणी आणि चांदीचा क्षार लावलेल्या दुसऱ्या कागदावर ती दाबून उन्हात ठेवली की सरळ चित्र छापलं जातं, आणि हव्या तितक्या प्रती काढता येतात. त्याच काळातल्या डॅगेरोटाइपमध्ये चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर एकच प्रत मिळे.

मेणकागदाची सुधारित पद्धत १८५१ साली फ्रान्समध्ये ल ग्रे यांनी काढली. तिच्यात कागद आधी तयार करून ठेवता येत. आता जरा लष्करी डोक्याने विचार करा. मोहिमेवर निघालेल्या अधिकाऱ्याला काचेच्या पट्ट्या परवडतील का? काच जड, फुटणारी, आणि तेव्हाच्या ओल्या काचपद्धतीत जागेवर तंबू ठोकून थर ओला असेतोवर सगळं काम उरकायचं. कागद मात्र वहीत घालून बैलगाडीवर टाकावा आणि चालू पडावं. म्हणूनच हिंदुस्थानातल्या कागदी फोटोंमागे कंपनीच्या फौजेतली माणसं पुन्हा पुन्हा भेटतात. मुंबई तोफखान्याचे कॅप्टन टॉमस बिग्ज यांनी विजापूर, बदामी, ऐहोळे इथल्या वास्तूंचे फोटो घेतले. आग्र्याचे डॉ. जॉन मरे यांनी ताजमहालाच्या भल्या मोठ्या कागदी निगेटिव्ह केल्या. मद्रास फौजेचे कॅप्टन लिनियस ट्राइप यांनी १८५५ साली ब्रह्मदेशात दोनशेहून अधिक फोटो घेतले. १८५८ साली तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या पायथ्याचे शिलालेख एकवीस फोटो जोडून त्यांनी सुमारे एकोणीस फूट लांबीच्या एका पट्टीत बसवले.

ही माणसं या कामात का रमली, ते मला माझ्या नोकरीवरून समजतं. तोफखान्याच्या अधिकाऱ्याला निरीक्षण चौकीवर बसून समोरच्या प्रदेशाचं स्केच काढायला शिकवतात. डोंगराची धार, एकटं झाड, देवळाचा कळस, पूल, असं जे हलत नाही ते आधी कागदावर घ्यायचं, कारण त्यावरूनच मोजायचं असतं. कंपनीचे कॅडेट ॲडिस्कोम्बच्या लष्करी विद्यालयात चित्रकला शिकत, आणि १८५५ पासून तिथे फोटोग्राफीही शिकवली जाऊ लागली. जमिनीकडे बघण्याची ही नजर आणि कागदाचा संथ स्वभाव यांचं चांगलंच जमलं. दोघांनाही स्थिर वस्तू आवडत.

एस्प्लनेडपुरतं बोलायचं तर पहिलं नाव फ्रेडरिक फीबिग यांचं घ्यावं लागेल. हे फौजेतले नव्हते, शिळाछापाचे चित्रकार होते. १८४७ साली त्यांनी ऑक्टरलोनी मॉन्युमेंटवरून दिसणाऱ्या चहूबाजूंच्या कलकत्त्याचं चित्र छापलं. नेपाळ युद्धातले सेनापती डेव्हिड ऑक्टरलोनी यांच्या स्मरणार्थ १८२८ मध्ये बांधलेला हा सुमारे ४८ मीटर उंचीचा मनोरा आजही एस्प्लनेडवर उभा आहे. १९६९ पासून त्याचं नाव शहीद मिनार. पुढे १८५० च्या सुमारास फीबिग कॅलोटाइपकडे वळले. कागदावर छापलेले फोटो ते हाताने रंगवत. आकाशाला निळा, झाडांना हिरवा, भिंतींना पिवळसर. कागदाचा पोत आणि जलरंग एकमेकांत इतके मिसळून जातात की फोटो कुठे संपतो आणि चित्र कुठे सुरू होतं, ते सांगणं कठीण. ट्राइपसुद्धा निगेटिव्हवर कुंचल्याने ढग घालत. कागदाने फोटोग्राफरमधल्या चित्रकाराला रजा दिली नव्हती. १८५६ साली ईस्ट इंडिया कंपनीने फीबिग यांच्याकडून कलकत्ता, मद्रास, सिलोन, मॉरिशस वगैरे ठिकाणचे जवळजवळ पाचशे रंगवलेले फोटो विकत घेतले. आज ते लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

आता तो खोका काढू.

बुटांचा किंवा चहाचा मजबूत खोका घ्या. आतून काळा रंग द्या. एका बाजूला नाण्याएवढं भोक पाडा. शीतपेयाच्या डब्याचा पातळ पत्रा कापून त्यात सुईने अर्ध्या मिलिमीटरचं छिद्र करा, कडा बारीक पॉलिश पेपरने घासा आणि पत्रा त्या भोकावर काळ्या टेपने चिकटवा. वर पुठ्ठ्याची झडप. छिद्रापासून समोरच्या आतल्या बाजूपर्यंत बारा सेंटिमीटरच्या आसपास अंतर असेल तर हे माप बरोबर बसतं. अंधाऱ्या खोलीत लाल दिव्यात, आतल्या त्या बाजूवर कृष्णधवल छपाईचा फोटो पेपर चिकटवा आणि झाकण लावून सांधे टेपने बंद करा. फिल्म नको, भिंग नको. हीच तुमची कागदी निगेटिव्ह. धुतलेल्या निगेटिव्हचं तोंड दुसऱ्या कोऱ्या पेपरच्या तोंडाला लावून वर काच ठेवा आणि क्षणभर दिवा दाखवा, की सरळ चित्र मिळतं. टॅल्बटची रीत आणि ही, दोन्हींचं तत्त्व एकच.

छिद्र इतकं बारीक आणि पेपर इतका मंद की कडक उन्हातही पाऊण-एक मिनिट झडप उघडी ठेवावी लागते. ढगाळ असेल तर चार-पाच मिनिटं.

निवृत्तीनंतर एका हिवाळ्यात मी असा खोका घेऊन एस्प्लनेडला गेलो. ट्रामच्या रुळांपलीकडे, मैदानाच्या कडेला एका विटेवर खोका ठेवला. समोर शहीद मिनार, बसथांबा आणि शेकडो माणसांची ये-जा. झडप उघडली आणि घड्याळ लावून दोन मिनिटं थांबलो. एक पोलीस शिपाई येऊन विचारून गेला, “की कोरछेन, दादा?” मी म्हटलं, “छोबी तुलछी.” त्याने खोक्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हसून निघून गेला. रात्री मुक्कामाच्या बाथरूममध्ये खिडकीला काळं कापड लावून पेपर धुतला. मिनार स्वच्छ उमटला. समोरच्या इमारतींच्या खिडक्या मोजता येत होत्या. थांबलेली एक बस अर्धवट, धुरासारखी आली. आणि रस्ता? साफ रिकामा. खोक्यापुढून गेलेल्या शेकडो माणसांपैकी एकच उमटला, कडेला पेटी घेऊन बसलेला चांभार. तोही कमरेपासून खाली. हात चालत होते, म्हणून ते पुसले गेले. तो शिपाईही नाही, आणि मी त्याच्याशी बोलत असताना खोक्यासमोर आलेला माझा हातही नाही.

याचं कारण साधं आहे. चालणारा माणूस एका जागी सेकंदभरही नसतो. तेवढ्या वेळात कागदावर पडणारा उजेड नोंद होण्याइतका नसतो, आणि पुढच्याच क्षणी त्या जागी मागच्या भिंतीचा उजेड पडू लागतो. दोन मिनिटांत भिंत जिंकते. पॅरिसमध्ये १८३८ साली डॅगेर यांनी बुलेव्हार द्यू तांप्ल या गजबजलेल्या रस्त्याचा फोटो घेतला, त्यातही हेच झालं. गाड्याघोडे सगळे नाहीसे झाले. ठळक दिसतो तो बुटांना पॉलिश करून घेण्यासाठी थांबलेला एक गृहस्थ, आणि त्याच्या पायाशी पॉलिशवाल्याची पुसट आकृती. पॅरिस काय आणि कलकत्ता काय, कागद असो की पत्रा, थांबेल तो राहील हाच नियम.

म्हणजे या मंद कागदांवर शहराचं जे रूप राहिलं त्यात एक बाजू आपोआप धरली गेली. गव्हर्न्मेंट हाउस, टाउन हॉल, मनोरा हे हलत नाहीत. पालखीचे भोई, भिश्ती, हमाल, फेरीवाले, गवताच्या गाड्या हे पोटासाठी हलतात. बांधणारे मालक चित्रात राहिले आणि वाहणारे पुसले गेले. फीबिग किंवा बिग्ज यांनी कुणाला वगळायचं ठरवलं होतं, असं मी म्हणत नाही. रसायनानेच ते केलं. पण त्या रसायनाची साक्ष आपण आज पुरावा म्हणून वापरतो, म्हणून ती तपासायला हवी.

वगळणं जिथे माणसांनी केलं, ते प्रकरणही एस्प्लनेडच्याच कडेला घडलं. १८५६ साली बंगालची फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. थोर विद्वान राजेंद्रलाल मित्र हे तिचे खजिनदार होते. १८५७ साली टाउन हॉलमधल्या सभेत ते बोलले. मुफसलमधल्या गोऱ्यांनाही कंपनीच्या फौजदारी न्यायालयांपुढे आणावं, या मागणीसाठी ती सभा होती. मित्रांनी निळीच्या मळेवाल्यांवर कडक टीका केली. गोरे सभासद खवळले आणि मित्रांना सोसायटीतून काढण्यात आलं. पुढे १८८५ साली हेच मित्र एशियाटिक सोसायटीचे पहिले भारतीय अध्यक्ष झाले. त्याच दशकात मुंबईकडे पाहा. १८५४ साली निघालेल्या मुंबईच्या फोटोग्राफिक सोसायटीत डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे सभासद होते, आणि नारायण दाजी यांनी स्वतः फोटो घेऊन प्रदर्शनात मांडले. कॅमेऱ्यामागे आपला माणूस उभा राहण्याची आपल्याकडची ती सुरुवात.

मग काच सुधारली, वेळ सेकंदांवर आला, आणि माणसं चित्रात शिरली. पण कशी? १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ हे आठ खंड निघाले. त्यांत ४६८ फोटो आहेत. जातीजमातींचे नमुने म्हणून माणसांना उभं केलं, आणि या कामातही लष्करी अधिकारी पुष्कळ होते. आधी माणूस हलतो म्हणून पुसला गेला. नंतर त्याला ‘हलू नकोस’ सांगून नमुना केला. त्या गणवेशाच्या परंपरेत मीही आयुष्य घालवलं, म्हणून ही गोष्ट मला इतरांपेक्षा जास्त टोचते.

एस्प्लनेडजवळच बोर्न अँड शेफर्ड हा प्रख्यात स्टुडिओ होता. सॅम्युअल बोर्न १८६३ साली हिंदुस्थानात आले, त्यानंतर ही जोडी नावारूपाला आली. १९९१ च्या फेब्रुवारीत त्या इमारतीला आग लागली आणि जुन्या फोटोंचा, निगेटिव्हचा मोठा साठा जळाला. २०१६ साली स्टुडिओ कायमचा बंद झाला. काच असो वा कागद, जपलं तर टिकतं. आता जे फोटो उरलेत ते तरी नीट वाचायला हवेत.

यासाठी हवाई छायाचित्रं वाचणाऱ्याला पहिल्या दिवशी शिकवतात तो प्रश्न पुरेसा आहे. इथे काय दिसत नाही, आणि का? जुना फोटो समोर आला की झाडाची पानं बघा. ती लोण्यासारखी पसरलेली दिसली तर झडप बराच वेळ उघडी होती. रस्त्यावर धुकट डाग आहेत का ते बघा. तो डाग म्हणजे कुणी तरी थबकलेला माणूस असू शकतो. जो ठळक आहे तो स्वतः थांबला होता की त्याला थांबवलं होतं, हेही विचारा. आणि मग ‘तेव्हा किती मोकळं होतं’ हे वाक्य पुढे पाठवायचं की नाही, ते ठरवा.

नातवंडं घरी असतील तर या रविवारी एक खोका बनवा. तुमच्या गावातला सगळ्यात गर्दीचा चौक निवडा. त्यांना आधी दोन मिनिटांत तिथून जाणारी माणसं मोजायला सांगा, आकडा वहीत लिहून ठेवा, आणि मग कागद धुतल्यावर त्यातली किती उमटली ते मोजू द्या. इतिहासाचा हा धडा त्यांना वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.